बाबा रोज सकाळी सोडतीत नाव टाकतात

वाचकाचं पत्र:

‘आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. माझे सासरे (वय ७३) सहा महिन्यांसाठी व्हिजिटर व्हिसावर आमच्याकडे आले आहेत. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. बाबांनी सांगलीकडच्या एका सहकारी बँकेत ३४ वर्षं नोकरी केली. हिशेबाला इतके पक्के, की पाच रुपयांचा फरक लागेना तर रात्री दहापर्यंत बसायचे. इथे आल्यावर टॅब्लेटवर त्यांना एका कंपनीची बक्षीस योजना दिसली. आता रोज सकाळी चहाच्या आधी ते तिथे नाव टाकतात. दिवसाला वीस-पंचवीस ईमेल येतात. घरात चाकूंचा संच, पायपुसणी, टॉर्च असे खोके येऊ लागले आहेत, बिलं मागून येतात. विचारलं तर म्हणतात, “ऑर्डर दिली की आपलं नाव वर सरकतं.” मागच्या आठवड्यात त्यांना फोन आला, तुम्हाला साडेसात लाख डॉलर लागले आहेत, प्रोसेसिंगचे ९०० डॉलर गिफ्ट कार्डांनी भरा. माझ्या नवऱ्याच्या कानावर पडलं म्हणून वाचलो. पण त्यावरून घरात मोठा वाद झाला. ह्यांनी टॅब्लेट काढून घेतला, बाबा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. ते म्हणतात कंपनी खरी आहे, लोकांना चेक मिळताना दाखवतात. मी शोधलं तर कंपनी खरंच खरी निघाली. मग आम्ही चुकतोय का? हे सगळं कायदेशीर असतं का?’

— एक सून, एडिसन

ताई,

तुम्ही चुकत नाही आहात, आणि बाबाही पूर्ण चुकत नाहीत. म्हणूनच हा वाद मिटत नाही. दोन्ही बाजूंकडे पुरावा आहे. कंपनीचं नाव तुम्ही कळवलंत, ते मी इथे छापत नाही, कारण तिच्यावर ठपका ठेवण्याइतकी माहिती माझ्याकडे नाही. पण हा धंदा कसा चालतो ते मी बरीच वर्षं बघत आले आहे, आणि त्यातली सगळ्यात नावाजलेली अमेरिकन कंपनी कशी वाढली, कशी बुडाली, हे सरकारी नोंदींत आहे. ते तुम्हाला सांगते. बाबांनाही वाचून दाखवा.

पण त्याआधी तो फोन या सगळ्यातून बाजूला काढा. तो चोराचा फोन होता. बक्षीस देण्याआधी जो पैसे मागतो तो चोर, याला अपवाद नाही. प्रोसेसिंग म्हणो, कस्टम्स म्हणो, विमा म्हणो, नाहीतर कर म्हणो. खऱ्या बक्षिसावर कर असतो, पण तो अमेरिकेच्या आयकर खात्याला जातो, आणि परदेशी नागरिकाच्या बाबतीत साधारण ३० टक्के बक्षिसातूनच कापून घेतला जातो. तो कोणी दुकानात जाऊन गिफ्ट कार्डं विकत घेऊन, त्यांच्या मागचे आकडे फोनवर वाचून भरत नाही. गिफ्ट कार्डच का मागतात, तर आकडे सांगितले की काही मिनिटांत पैसे निघून जातात आणि ते सहसा परत मिळत नाहीत. तुमच्या मिस्टरांनी वेळेवर ऐकलं, फार मोठी गोष्ट झाली.

आता कंपनीकडे वळू. अमेरिकेत खासगी कंपनीला लॉटरी चालवता येत नाही. लॉटरी कशाला म्हणायचं, तर तीन गोष्टी एकत्र आल्या की: बक्षीस, निव्वळ नशीब आणि भाग घेण्यासाठी दिलेला मोबदला. यातली एक काढली की ती लॉटरी राहत नाही. कंपन्या तिसरी काढतात. नाव टाकायला पैसे लागत नाहीत, म्हणून ही सोडत कायदेशीर ठरते आणि तिला ‘स्वीपस्टेक्स’ म्हणतात. प्रत्येक जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरात ‘खरेदीची सक्ती नाही’ असं लिहिलेलं असतं. ते चांगुलपणाने लिहिलेलं नसतं, त्या एका वाक्यावर अख्ख्या धंद्याचा कायदेशीरपणा उभा असतो.

यातूनच एक गोष्ट निघते, जी बाबांना सांगायला हवी. ऑर्डर देणाऱ्याचं नाव जर खरोखरच वर सरकत असेल, तर तो मोबदला झाला, आणि मग ती बेकायदा लॉटरी झाली. म्हणजे दोनच शक्यता उरतात. एक तर कंपनी प्रामाणिक आहे आणि चाकूंच्या संचाने बाबांचं नाव एक इंचही पुढे गेलेलं नाही, किंवा ते पुढे गेलं आहे आणि कंपनी गुन्हा करते आहे. दोन्हीकडून पाहिलं तरी चाकू घेण्यात अर्थ नाही.

महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून चालू आहे. बाबांना ती चांगली ठाऊक असणार. तिथे तिकिटं विकून पैसे गोळा होतात आणि त्यातून बक्षिसं दिली जातात, सरळ जमाखर्च आहे. इथे तिकीटच नाही, मग लाखो डॉलरची बक्षिसं येतात कुठून? तुम्ही ‘कंपनी खरी की खोटी’ यावर भांडत बसलात तर बाबाच जिंकणार. त्याऐवजी हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवा. ३४ वर्षं जमेची आणि खर्चाची बाजू जुळवणाऱ्या माणसाला तो चैन पडू देणार नाही.

याचं उत्तर शोधायला पब्लिशर्स क्लिअरिंग हाउस या कंपनीकडे बघावं लागतं. १९५३ साली न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर हॅरोल्ड मर्ट्झ यांनी बायको आणि मुलीला सोबत घेऊन ती सुरू केली. धंदा साधा होता, वेगवेगळ्या मासिकांच्या वर्गण्या एकाच पाकिटातून टपालाने विकायच्या. १९६७ साली त्यांनी त्या पाकिटात बक्षिसाची सोडत घातली आणि पाकीट उघडून बघणाऱ्यांची संख्या वाढली. म्हणजे सोडत हा त्यांचा माल नव्हता. माल होता मासिकं, सोडत ही पाकीट फोडायला लावायची युक्ती. १९८८ च्या सुमाराला त्यांनी ‘प्राइझ पेट्रोल’ काढलं. फुगे, फुलं आणि दाराएवढा चेक घेऊन माणसं एखाद्याच्या घराची बेल वाजवतात, बाई ओरडते, रडते, कॅमेरा चालू असतो. बाबांनी पाहिलं ते असंच काहीतरी. या कंपनीचे ते विजेते खरे होते, चेकही खरे होते. पण एका घराची बेल वाजते तेव्हा कोट्यवधी घरांची वाजत नाही, आणि ती चित्रफीत दाखवता येत नाही. काही मोठ्या बक्षिसांच्या नियमांत लागण्याची शक्यता सहाशे कोटींत एक अशा पातळीची छापलेली असायची. पृथ्वीवरच्या माणसांमधून चिठ्ठी काढण्यासारखंच ते.

ही युक्ती आपल्याकडे नवी नाही, बरं का. वर्तमानपत्रात नऊ चौकोनांचं कोडं यायचं, उभी-आडवी-तिरकी बेरीज १५ आणा आणि ट्रान्झिस्टर जिंका. माझ्या आत्याने ते सोडवलं. पंधरा दिवसांत ‘अभिनंदन’ असं पत्र आलं आणि मागोमाग व्हीपी. पोस्टमनला पैसे मोजून खोका सोडवला तर आत प्लॅस्टिकचं खेळण्यातलं काहीतरी, त्यात आवाज नाही, बॅटरी नाही. आत्या शाळेत गणित शिकवायची. तिला पैसे गेल्याचं दुःख नव्हतं, पोस्टमनने तिच्याकडे कसं बघितलं ते ती कित्येक वर्षं सांगत राहिली. तुमच्या पत्रात बाबा दोन दिवस बोलले नाहीत असं वाचलं तेव्हा मला आत्याच आठवली.

तर पाकिटं. नव्वदच्या दशकात त्यांवरचे शब्द फार धीट झाले. नाव मोठ्या अक्षरात, ‘तुम्ही विजेते आहात’ ठळक, आणि ‘जर तुमच्याकडे विजेता क्रमांक असेल तर’ ही अट डोळ्यांना दिसणार नाही इतकी बारीक. या धंद्यात अमेरिकन फॅमिली पब्लिशर्स नावाची दुसरी कंपनी होती. तिच्या पाकिटांवर फ्लोरिडातल्या टँपाचा पत्ता असायचा. पाकीट वाचून काही म्हातारी माणसं स्वतःच्या खर्चाने विमानात बसून टँपाला पोचली. आपल्याला कोट्यवधी डॉलर लागलेत आणि ते तिथे जाऊन घ्यायचे आहेत, अशी त्यांची खात्री होती. ती माणसं वेडी नव्हती. जे लिहिलं होतं ते त्यांनी लिहिलं तसं वाचलं. ती कंपनी १९९९ साली दिवाळखोरीत गेली, आणि त्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसने टपालातल्या अशा फसव्या सोडतींविरुद्ध कायदा केला. खरेदीची गरज नाही, खरेदीने शक्यता वाढत नाही, हे पाकिटात स्पष्ट आणि ठळक छापणं बंधनकारक झालं. २००१ साली पब्लिशर्स क्लिअरिंग हाउसने २६ राज्यांशी तडजोड करून ३ कोटी ४० लाख डॉलर देण्याचं कबूल केलं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण तो कायदा टपालासाठी होता, आणि धंदा तोवर पडद्यावर सरकत होता.

पडद्यावर काय होतं ते २०२३ सालच्या एका कागदातून कळतं. फेडरल ट्रेड कमिशन, म्हणजे ग्राहकांच्या बाजूने बघणारं अमेरिकेचं केंद्रीय खातं, त्याने जून २०२३ मध्ये पब्लिशर्स क्लिअरिंग हाउसवर दावा लावला. आरोप असे होते: माणूस सोडतीत नाव टाकायला बटण दाबतो आणि वस्तूंच्या पानावर जाऊन पडतो. ते पान संपलं की आणखी एक. नाव टाकून झालं की अजून राहिलं आहे, हे त्याला कळू नये अशीच ती वाट आखलेली. प्रत्येक वळणावर असे शब्द, की ऑर्डर दिली नाही तर हातातलं जाईल असं वाटावं. ईमेलच्या विषयात ‘डब्ल्यू-३४’ असला काहीतरी फॉर्म, जो वाचणाऱ्याला कराचा सरकारी कागद वाटावा. वस्तू स्वस्त दिसायची, पण पाठवणीचा खर्च मागाहून लागायचा, तो सरासरी वस्तूच्या किमतीच्या ४० टक्क्यांहून जास्त. ‘नाही आवडलं तर परत करा’ म्हणायचे, पण परत पाठवण्याचा खर्च ग्राहकाचा. आणि या सगळ्याचा जास्त भार वयस्कर आणि बेताच्या मिळकतीच्या लोकांवर पडला, असं खात्याचं म्हणणं होतं. कंपनीने १ कोटी ८५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. सोडत आणि खरेदी एकमेकींपासून स्पष्ट वेगळ्या ठेवण्याचंही तिला मान्य करावं लागलं. एप्रिल २०२५ मध्ये त्यातले १ कोटी ८० लाखांहून जास्त डॉलर सुमारे २ लाख ८१ हजार ग्राहकांना परत पाठवण्यात आले.

हे वाचताना तुमच्या घरातले खोके डोळ्यांसमोर आले असतील. बाबा भोळे आहेत म्हणून त्यांनी पायपुसणी मागवली नाहीत. ‘ऑर्डर दिली की नाव वर सरकतं’ हे त्यांच्या मनाने काढलेलं नाही. लाखो लोकांचा तोच समज व्हावा अशा तऱ्हेने पानं मांडली जातात, त्यावर हुशार, पगारी माणसं काम करतात. भारतातही केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनलाइन विक्रीतल्या अशा १३ क्लृप्त्यांची यादी करून त्यांना मनाई केली. हे वाक्य तुमच्या मिस्टरांना दाखवा. त्यांनी टॅब्लेट काढून घेतला तो काळजीपोटी, हे मला कळतं, पण बाबांना त्याचा अर्थ ‘तुम्हाला अक्कल नाही’ असा लागला.

विक्रीखेरीज कमाईची दुसरी वाट आहे ती माहितीची. नाव, पत्ता, जन्मतारीख, ईमेल, फोन, आणि मग ‘मधुमेह आहे का’, ‘घर स्वतःचं आहे का’ असे साधे वाटणारे प्रश्न. हा माणूस कोण, कधी उठतो, कशावर बोट ठेवतो, हे सगळं जमा होतं आणि जाहिरातदारांना विकलं जातं. इथे खरी कंपनी आणि चोर यांच्यामधली भिंत पातळ होते. एप्सिलॉन ही अमेरिकेतली ग्राहकांची माहिती विकणारी मोठी कंपनी. जानेवारी २०२१ मध्ये तिने सरकारला १५ कोटी डॉलर देण्याचं मान्य केलं. कारण २००८ ते २०१७ या काळात तिच्या काही लोकांनी ३ कोटींहून जास्त ग्राहकांची माहिती, खोट्या सोडतींची पत्रं पाठवून म्हाताऱ्या माणसांना लुबाडणाऱ्या टोळ्यांना विकली होती. टोळ्यांना कोणाची नावं हवी होती? ज्यांनी आधी एखाद्या सोडतीच्या पत्राला उत्तर दिलं आहे, त्यांची. बाबांचा नंबर त्या फोनवाल्याला कुठून मिळाला ते मी सांगू शकत नाही. पण नंबर असे हातोहात फिरतात एवढं नक्की, आणि म्हणून आणखी फोन येतील असं धरून चला. ८७६ ने सुरू होणारा नंबर दिसला तर तो जमैकाचा असतो. देशाचा आकडा अमेरिकेचाच, १, त्यामुळे तो इथलाच वाटतो. सोडतीच्या नावाने लुबाडणाऱ्या टोळ्यांचं तिथे मोठं जाळं आहे.

चोरांचा एक जास्त हुशार प्रकारही आहे. ते पैसे मागत नाहीत, आधी चेक पाठवतात. ‘हे तुमच्या बक्षिसातले ५,००० डॉलर, बँकेत भरा, त्यातले २,००० कराचे म्हणून आम्हाला पाठवा.’ चेक भरला की एक-दोन दिवसांत खात्यात पैसे दिसतात, कारण अमेरिकेतल्या नियमांप्रमाणे बँकेला ते लवकर वापरायला द्यावे लागतात. माणसाची खात्री पटते आणि तो २,००० पाठवतो. दोन-तीन आठवड्यांनी चेक खोटा निघून परत येतो आणि बँक पूर्ण रक्कम खात्यातून वळती करते. पैसे खात्यात दिसणं आणि चेक वटणं यात किती अंतर असतं, हे मला समजून घ्यायला वेळ लागला होता. बाबांना अर्ध्या वाक्यात कळेल. क्लिअरिंग म्हणजे काय ते तुमच्या घरात त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नाही.

आता ‘पण कंपनी खरी आहे ना’ याचं शेवटचं उत्तर. पब्लिशर्स क्लिअरिंग हाउसने एप्रिल २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या उन्हाळ्यात तिचं नाव आणि धंदा ७१ लाख डॉलरना एआरबी इंटरॅक्टिव्ह या कंपनीने विकत घेतला. ही कंपनी कॅसिनोसारखे ऑनलाइन खेळ चालवते. नव्या मालकाने सांगून टाकलं, १५ जुलै २०२५ च्या आधी लागलेल्या बक्षिसांची देणी आमच्याकडे नाहीत. ज्यांना ‘आयुष्यभर दर आठवड्याला ५,००० डॉलर’ असं बक्षीस खरोखर लागलं होतं, ज्यांच्या दारात फुगे घेऊन माणसं खरोखर आली होती, अशा लोकांचे पैसे थांबले. काहींनी त्या भरवशावर घरं घेतली होती, नोकऱ्या सोडल्या होत्या. दिवाळखोरीच्या कोर्टात ते तारण नसलेले धनको ठरले, म्हणजे रांगेत शेवटचे. बुडालेल्या सहकारी बँकेतल्या ठेवीदाराचा चेहरा बाबांनी पाहिला असेल तर त्यांना याहून जास्त सांगावं लागणार नाही.

कॅसिनोचा विषय निघाला म्हणून आणखी एक. टॅब्लेटवर ‘फुकट नाणी, खेळा आणि जिंका’ अशा जाहिराती बाबांना दिसतात का ते बघा. सोडतीचाच कायदा वापरून चालवलेला तो जुगार आहे. दोन प्रकारची नाणी ठेवतात, एक खेळण्यापुरती विकत घ्यायची, दुसरी तिच्याबरोबर ‘भेट’ म्हणून मिळते आणि ती डॉलरमध्ये बदलता येते. न्यू जर्सीने ऑगस्ट २०२५ मध्ये त्यावर बंदी घातली, पाठोपाठ कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कनेही. पायपुसण्यांत पन्नास-शंभर डॉलर जातात. इथे काय जाईल याला अंत नाही, तेव्हा या बाबतीत मात्र ठाम राहा.

ताई, आता काय करायचं ते सांगते. टॅब्लेट आजच परत द्या, आणि तुम्ही नका, मिस्टरांनी स्वतः द्यावा. मग त्या कंपनीच्या सोडतीचे अधिकृत नियम शोधा. पानाच्या अगदी तळाशी असतात. मोठ्या अक्षरात छापून घ्या आणि पेन्सिलीसकट बाबांपुढे ठेवा. कर्जाचे करार वाचणारा माणूस आहे. ‘बाबा, आम्हाला यातलं कळत नाही, तुम्ही बघून सांगा’ असं म्हणा, कारण ते खरंच आहे, आपण कोणी हे कागद वाचत नाही. त्यांना त्यात तीन जागा सापडतील. एक, खरेदीने शक्यता वाढत नाही. दोन, शक्यतेचा आकडा. आणि तिसरी, जिच्याकडे तुमच्या पत्रातून माझं लक्ष गेलं: कोण भाग घेऊ शकतो. बहुतेक अमेरिकन सोडतींत ‘अमेरिकेचा कायदेशीर रहिवासी’ अशी अट असते. बाबा सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले पाहुणे आहेत. या कंपनीच्या नियमांतही तशी अट असेल, तर रोज सकाळी टाकलेलं ते नाव पहिल्या दिवसापासून बादच आहे. खोके मात्र कोणी बाद केले नाहीत.

ही तिसरी ओळ त्यांची त्यांना सापडू द्या. आपण बोट ठेवून दाखवू नका.

खोक्यांचं म्हणाल तर न उघडलेले, मुदतीत असलेले परत पाठवा, पावती जपून ठेवा. उघडलेल्यांचं बिल भरून टाका. वस्तू मागवलेल्या होत्या, त्या अंगावर टाकलेल्या नव्हत्या, आणि बिल थकलं तर वसुलीवाले तुमच्या पत्त्यावर पत्रं पाठवत राहतील. कंपनीला लिहून बाबांचं खातं बंद करायला आणि माहिती काढून टाकायला सांगा. बाबांनी फोनवाल्याला पासपोर्टचा किंवा सांगलीच्या बँक खात्याचा नंबर दिला का, हे शांतपणे विचारा. दिला असेल तर त्यांच्या शाखेत आजच फोन करा. ज्येष्ठांच्या फसवणुकीसाठी अमेरिकन सरकारची मदतवाहिनी आहे, ८३३-३७२-८३११. पैसे गेले नसले तरी तिथे त्या फोनची नोंद करा. बाबांनाच बोलू द्या, तुम्ही शेजारी बसा.

आणि दिवसाचं काय? तुम्ही दोघं कामावर, नातवंडं असतील तर शाळेत, बाहेर पायी जावं तर फुटपाथ संपतो, मोटार चालवता येत नाही. सासूबाई गेल्यावर सकाळचा पहिला चहा कोणाबरोबर घ्यायचा हा प्रश्न त्यांचा त्यांनाच सोडवायचा होता. त्या वेळी पडद्यावर कोणीतरी त्यांना नावाने हाक मारतं, आज तुमचा दिवस असू शकतो म्हणतं. मी त्यांना दोष देऊ शकत नाही. एडिसनमध्ये ओक ट्री रोडच्या बाजूला सकाळी फिरायला येणारे आपले ज्येष्ठ भेटतील, न्यू जर्सीत मराठी मंडळही जुनं आहे. पण त्याहून आधी, तुमच्या घराचा जमाखर्च त्यांच्या हाती देऊन बघा. विजेचं बिल, मुलांची फी, किराणा, क्रेडिट कार्डाचं महिन्याचं पत्रक. त्यात तुमच्या दोघांच्या चुका त्यांना सापडतील, याची मला खात्री आहे. त्या सापडू देत.

ते परत जातील तेव्हा एक करा. सांगलीला पोचल्यावर त्यांच्या मोबाइलवर केबीसीचे २५ लाख लागल्याचे व्हॉट्सॲप निरोप येतील, ‘तुमचं अमेरिकेतलं बक्षीस अडकलंय’ असेही फोन येऊ शकतात. परदेशी सोडतीसाठी भारतातून पैसे पाठवायला फेमा या परकीय चलनाच्या कायद्याच्या २००० सालच्या नियमांत सरळ मनाई आहे. लॉटरीच्या तिकिटांबरोबर ‘स्वीपस्टेक्स’ हा शब्दच तिथे छापलेला आहे. बँकेतल्या माणसाला तो नियम पुरेसा आहे. फोनच्या मागे १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर चिकटवून द्या, आणि त्याखाली तुमच्या मिस्टरांचा नंबर लिहा. कधीही, कितीही वाजता फोन करा, आम्ही रागावणार नाही, हे मिस्टरांनी त्यांना विमानतळावर सोडताना स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं.